ऋणकोने सांगावे, लेखनिकाने लिहावे



कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत कोणत्या विषयावर आहे, असे विचारले तर बहुतेकांच्या मनात नमाज, रोजा किंवा हज येतो. वस्तुतः ती आयत उधारीच्या लेखी नोंदीविषयी आहे. सूरह अल-बकराची ही 282 वी आयत रमजानच्या तरावीहमध्ये दरवर्षी आपल्या कानांवर पडते. तिचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका. वरवर वाचणाऱ्याला एवढाच आशय हाती लागतो. सावकाश अभ्यास करणारा मात्र एका ठिकाणी थांबतो. मजकूर सांगायचा कोणी? ज्याच्यावर देणे आहे, त्याने. त्यामुळे ती त्याची स्वतःची कबुली ठरते, आणि त्यातच त्याचे संरक्षणही आहे. पैसा धनकोच्या हाती असतोच. शब्दही त्याच्याच हाती राहू नयेत. ऋणको दुर्बल असेल, सांगण्यास असमर्थ असेल, तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावे, इतकी काळजी ही आयत घेते.

आता आपल्या सोलापूरकडे पाहू या. चादरी आणि टॉवेलांच्या या शहरात यंत्रमाग कामगार आजारपणासाठी, मुलीच्या लग्नासाठी उचल घेतो आणि ती पगारातून वळती होते. हिशेबाची वही जिथे केवळ मालकाकडे राहते, किती फिटले आणि किती उरले हे कामगाराला नुसते ऐकून घ्यावे लागते, तिथे मालक पहिल्या सफमध्ये उभा राहत असला, तरी ही आयत त्याच्या कारखान्याच्या उंबऱ्याबाहेरच राहिली आहे.

काही जण म्हणतात, आधी ज्ञान पूर्ण होऊ द्या, मग आचरण. ताबिई अबू अब्दुर्रहमान अस-सुलमी यांची रिवायत वेगळे सांगते. त्यांचे गुरू असलेले सहाबा दहा आयती शिकत आणि त्यांतील ज्ञान व आचरण आत्मसात केल्याशिवाय पुढे जात नसत. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सूरह अल-बकरा शिकण्यात आठ वर्षे घालवली, अशीही रिवायत आहे. अरबी ही त्यांची मातृभाषा होती, हे ध्यानात घ्यावे.

आचरणाने अर्थ उलगडतो. जो मालक कामगाराला शेजारी बसवून “तुम्ही सांगा, मी लिहितो” असे म्हणेल, त्याला कदाचित वहीतील चूक कळेल. कदाचित समोरच्याचा संकोच आणि अडचण दिसेल. मग अडचणीतील ऋणकोला सवड देण्याची, आणि माफ करणे अधिक उत्तम असल्याची, दोनच आयती आधीची शिकवण त्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. असे आचरण हीदेखील एक तफसीरच आहे.

तिलावतीचे पुण्य निर्विवाद आहे. परंतु तिलावत करणाऱ्या जिभेबरोबर हिशेब लिहिणारा हातही आपलाच आहे. या जुम्याला घरी ही एक आयत मराठी अनुवादासह वाचावी, आणि नंतर आपली वही उघडावी. ज्याचे नाव तिच्यात आहे, त्याला बोलावून घ्यावे.

अल्लाह आपणा सर्वांना समज आणि आचरणाची तौफीक देवो. आमीन.