भाकितावर हक्क कोणाचा?

प्राचीन वचनाचा अर्थ कोणाच्या स्वाधीन असावा? वक्त्याच्या, पहिल्या श्रोत्यांच्या, की पुढील काळच्या भाविकांच्या? यशया संदेष्ट्याच्या एका भाकिताभोवती हा वाद सुमारे दोन हजार वर्षे चालला आहे.

इसवी सनापूर्वी आठव्या शतकात यहूदाचा राजा आहाज दोन शेजारी राजांच्या स्वारीने भयभीत झाला होता. तेव्हा यशयाने त्यास खूण सांगितली की, एका तरुणीस इम्मानुएल नावाचा पुत्र होईल आणि त्यास बरेवाईट कळू लागण्यापूर्वीच त्या दोन राजांचे देश ओस पडतील. मूळ हिब्रू शब्द ‘आल्मा’, म्हणजे तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’ हा कुमारिकावाचक शब्द आला आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाने ते भाकीत येशूच्या जन्मास लावले.

ईश्वरी वचनाचा अर्थ तत्कालीन प्रसंगापुरता संपत नाही, असे ख्रिस्ती भाष्यकार म्हणतात. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. एका प्रकरणी निघालेला हुकूम पुढे दुसऱ्या प्रकरणास लागू पडतो, हे आम्हां कचेरीतल्या माणसांस ठाऊक आहे. पण म्हणून कोणी मूळ प्रकरण दप्तरातून काढून टाकीत नाही. येथे मात्र आहाजाचे प्रकरण पुष्कळदा विस्मृतीत लोटले गेले.

त्याची झळ माणसांस लागली. १२६३ साली बार्सिलोना येथे आरागॉनचा राजा पहिला जेम्स याच्यासमोर मोशे बेन नाहमान या यहुदी पंडितास, यहुदी धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या पाब्लो क्रिस्तियानीशी वाद करावा लागला. मसीहा येऊन गेला, हे यहुद्यांच्याच ग्रंथांवरून त्यांच्या गळी उतरविण्याचा तो खटाटोप होता. संदेष्ट्यांनी मसीहाच्या काळी शांती नांदेल असे सांगितले आणि जग तर अद्याप हिंसेने भरलेले आहे, असे नाहमानाने उत्तर दिले. पुढे त्यास देश सोडावा लागला. १२६७ मध्ये तो पॅलेस्टाइनात पोहोचला.

भाविकास यशयाच्या शब्दांत येशू दिसला, तर त्याच्या श्रद्धेस आम्ही हरकत घेणार नाही. परंतु ती श्रद्धा पुरावा म्हणून पुढे करून ग्रंथाच्या मूळ वारसांसच आंधळे ठरविणे, हा आमच्या मते अधर्म होय. यहुद्यांस ईश्वराने टाकलेले वा शापिलेले म्हणून दाखवू नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जाहीर केले. दुसऱ्याचा ग्रंथ आपल्या देव्हाऱ्यात ठेवणाऱ्याने त्या घरचा अर्थही ऐकून घ्यावा, एवढी मर्यादा कोणत्याही धर्मास जड वाटू नये.