रेंज नसताना

कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे, कांदाटी खोऱ्यातल्या एखाद्या वाडीवर आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात. बाळाचं वजन करतात, अंग तापलंय का बघतात, आईला दुधाबद्दल विचारतात आणि सगळं ॲपमध्ये भरतात. रेंज नसतेच. ॲप तक्रार करत नाही. ते माहिती फोनमध्येच रांगेत लावून ठेवतं आणि नेटवर्क मिळालं की वर पाठवतं. सातारा-सांगलीत, म्हणजे पाटणच्या डोंगरापासून जतच्या वाड्यावस्त्यांपर्यंत, आरोग्याचं ॲप चालवायचं तर दुसरा इलाज नाही.

पण त्या रांगेत फक्त बाळाचं वजन नसतं. ॲप किती वाजता उघडलं, कोणत्या स्क्रीनवर किती वेळ गेला, कुठून मागे फिरल्या, फॉर्म किती मिनिटांत संपला, हेही त्यात असतं. याला आम्ही ॲनालिटिक्स म्हणतो. कोड फार अवघड नाही: फोनमध्ये छोटा डेटाबेस, प्रत्येक घटनेला वेळ, नेटवर्क आलं की गठ्ठा रवाना. मला अडतं ते वेगळ्या ठिकाणी. रेंज नाही म्हणजे आत्ता आपल्याकडे कोणी बघत नाही, असं माणूस गृहीत धरतो. त्या वेळात त्याने काय केलं हे टिपून नंतर वर पाठवण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला?

‘मग टिपूच नका’ हे उत्तर सोपं आहे, पण मला ते पटत नाही. गूगलचं ॲनालिटिक्स ७२ तासांपेक्षा उशिरा पोचलेली घटना मोजतच नाही. पुण्यात बसलेल्याला तीन दिवस भरपूर वाटतात. ज्यांचा फोन आठवड्यातून एकदा, बाजारच्या दिवशी रेंजमध्ये येतो, त्यांचं सगळं काम या नियमात गळून पडतं. पुढे मीटिंगमध्ये कोणीतरी चार्ट दाखवून म्हणतं, ‘हा फॉर्म या भागात कोणी वापरतच नाही, काढून टाकू.’ जिथे फॉर्मची सगळ्यात जास्त गरज, तिथलाच आधी जातो. न मोजणं म्हणजे सोडून देणं नव्हे, कित्येकदा ते पुसून टाकणं असतं.

आता मोजण्याची बाजू बघू. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचं असतं. या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये. सातव्या दिवशीची भेट सातव्या दिवशीच झाली, पण फोन रेंजमध्ये आला अकराव्या दिवशी. सर्व्हरकडे आता दोन वेळा आहेत: एक फोनने सांगितलेली, एक स्वतः पाहिलेली. फोनचं घड्याळ हाताने मागे-पुढे करता येतं, म्हणून ऑफिसला ते संशयास्पद वाटतं. सर्व्हरचं घड्याळ ताईंच्या हाताबाहेर आहे, म्हणून ते खरं. म्हणजे जे घड्याळ त्या घरात हजरच नव्हतं, त्याची साक्ष आपण ग्राह्य धरतो! ‘खरं’ हा शब्द आपण इथे ‘बदलता न येणारं’ या अर्थाने वापरायला लागलो आहोत, आणि तो बदल एका ओळीच्या कोडमध्ये होतो: रिपोर्टसाठी कोणता रकाना घ्यायचा.

दुसरा प्रकार याहून नेहमीचा. दिवसभर वहीत लिहायचं आणि रात्री स्वयंपाक आवरल्यावर सगळे फॉर्म एका बैठकीत भरायचे. यात गैर काय? बाळंतिणीसमोर फोनमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं. पण लॉगमध्ये दिसतं: पाच भेटी, वीस मिनिटं, एकच जागा. डॅशबोर्ड त्यावर लाल खूण करतो. ॲनालिटिक्सला भेट दिसत नाही, टायपिंग दिसतं. आपण मात्र टायपिंगवरून भेटीचा निवाडा करतो.

आणि निवाडा कोणाचा? आशा सरकारदरबारी कर्मचारी नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत. पगाराचा विषय निघाला की स्वयंसेविका, हजेरीचा निघाला की नोकर. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली हवी, असं लिहिलं आहे. ज्या ॲपशिवाय मोबदल्याचं काम पुढे सरकत नाही, त्यातलं ‘मान्य आहे’ हे बटण मोकळेपणाने कसं दाबायचं? २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले. फोन निकृष्ट आहेत, ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. ‘मान्य नाही’ म्हणायला ॲपमध्ये जागा नसली की फोनच परत करावा लागतो.

म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ ओढतो. ॲप कुठे अडकलं, फॉर्म कोणत्या प्रश्नावर अर्धवट सुटला, पाठवणं किती वेळा फसलं, हे ॲपबद्दलचं ज्ञान आहे. ते नावाशिवाय, नेमक्या वेळेशिवाय, आठवड्याची बेरीज करून घेता येतं. बेरीज फोनमध्येच करायची, कच्ची नोंद तिथेच पुसायची. बाकीचं ताईंबद्दलचं ज्ञान आहे, आणि ते कोणी मागितलेलं नसताना फुकट मिळतंय म्हणून साठवायचं नाही. रांगेत काय पडून आहे हे आधी ताईंना त्यांच्याच स्क्रीनवर, मराठीत दिसावं. (जतमध्ये कन्नडमध्येही.)

तरी एक रकाना उरतो: शेवटचं सिंक कधी झालं. दहा दिवस एखादा फोन गप्प आहे. फोन बिघडला असेल, रेंज नसेल, किंवा त्या फोनमध्ये रक्तदाब वाढलेल्या गरोदर बाईची नोंद अडकून पडली असेल. इथे नाव काढून टाकलं तर कोणाला फोन करायचा हेच कळणार नाही. हे नाव मी ठेवीन. पण ती यादी गटप्रवर्तक ताईंकडे जावी, ज्या फोन करून ‘काय गं, बरी आहेस ना?’ विचारतील. मोबदल्याची बिलं तपासणाऱ्या टेबलावर ती जाऊ नये. दोन्ही टेबलांना डेटाबेस एकच असतो. आज मी परवानग्या नीट लावून दिल्या, तरी पुढच्या वर्षी कोणी त्याच रकान्यावर ‘निष्क्रिय आशा’ नावाचा रिपोर्ट बांधला, तर तोवर मी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेलो असेन.