मोठ्या मुलाला बाबागाडी?

पाच, सहा किंवा सात वर्षांच्या, चालता येणाऱ्या मुलाला बाबागाडीत बसवून जत्रेत फिरवावे काय? हा प्रश्न ऐकून काही वाचक हसतील. मंडळीच्या मासिकात असल्या विषयाला जागा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु मोठ्या प्रश्नांवर आपण विचार करून बोलतो आणि असल्या लहान गोष्टींवर सहज बोलून जातो. ते सहज बोललेले वाक्य ज्याच्या कानी पडते, त्याला ते पुष्कळ दिवस विसरता येत नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करावा असे आम्हांला वाटते.

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा पुष्कळांना निदान ऐकून माहीत असेल. १९०५ साली महाराज माधवराव शिंदे यांनी तो सुरू केला. आरंभी तो गुरांचा बाजार होता. पुढे त्यात कापड, भांडी, लाकडी सामान, मोटारगाड्या, खाण्याचे ठेले आणि आकाशपाळणे अशी भर पडत गेली. मैदान शंभर एकरांहून मोठे आहे. मेळा ऐन थंडीत भरतो आणि एकदा आत शिरलेले कुटुंब तीन-चार तास पायीच असते. हरिशंकरपुरम वसाहतीतून मुलाबाळांसह तेथे जाणारी मराठी घरे आहेत. त्यांतील एका घराची हकीकत आम्हांला ठाऊक आहे.

त्या घरातील मुलगा सात वर्षांचा. जन्मतः हृदयात दोष होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण दम लवकर लागतो. अंगणात दहा मिनिटे तो इतरांप्रमाणेच चेंडू खेळतो. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कोणाला काही कळणार नाही. मेळ्याला जाताना आईने धाकट्या बहिणीची बाबागाडी बरोबर घेतली. मुलगा थोडे चाले, थोडे बसे. तासाभरात त्या माउलीला तीन-चार ठिकाणी बोलणी ऐकावी लागली. "एवढा घोडा झाला, अजून गाडीत?" "उतर रे खाली, बहिणीला बसू दे." एका बाईंनी तर हसतच विचारले, "लग्नालाही ह्याच गाडीतून जाणार का?" बोलणाऱ्यांत अनोळखी लोक होते, तसे मंडळीतले ओळखीचेही होते. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. पण पुढच्या वर्षी मेळ्याचे नाव निघताच मुलगा म्हणाला, "मला नाही यायचं." मेळ्यातल्या छोट्या आगगाडीसाठी दिवस मोजणारा मुलगा तो! त्याच्या दुबळ्या हृदयाने त्याला तेथे जाण्यापासून अडवले नव्हते. आपल्या जिभांनी अडवले.

वयाचे माप

आपण मुलाचे वय पाहतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. वय हे सोयीचे माप आहे खरे. आगगाडीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. शाळेतही वय पाहूनच नाव घालतात. हजारो लोकांसाठी एक नियम करायचा तर असे माप लागतेच. पण समोरच्या एका मुलाच्या पायांत किती बळ आहे, हे जन्मतारखेवरून सांगता येत नाही.

अगदी धडधाकट मुलाचेच पाहा. मोठ्या माणसाच्या एका पावलाला लहान मुलाला जवळजवळ दोन पावले टाकावी लागतात. म्हणजे आपण मैलभर चाललो तर त्याचे श्रम मैलभराचे नसतात. मोठ्यांच्या चालीने चालताना मुलाच्या शरीराला वजनाच्या मानाने अधिक शक्ती खर्च करावी लागते. घरापासून शाळेपर्यंत उड्या मारीत जाणारे मूल मेळ्यात दोन तासांनी रडू लागते, ते नेहमीच हट्टाने रडत असते असे नाही.

जेथे करमणुकीची मोठमोठी उद्याने फार पूर्वीपासून आहेत, तेथे ही गोष्ट लोकांनी अनुभवाने ओळखली आहे. अमेरिकेत फ्लॉरिडा येथील डिस्नेच्या उद्यानांना आता पुष्कळ मराठी कुटुंबेही भेट देतात. तेथील एपकॉट हे उद्यान १९८२ साली उघडले. त्यातील तळ्याभोवती निरनिराळ्या देशांचे देखावे आहेत. तो एक फेराच सुमारे दोन किलोमीटरांचा आहे. ह्या उद्यानांत मुलांच्या गाड्या भाड्याने मिळतात आणि एकेरी गाडीची मर्यादा वजनाने सांगितलेली असते, सुमारे तेवीस किलो. आपल्याकडील सात-आठ वर्षांची पुष्कळ मुले त्या वजनात बसतील. गर्दीत अडचण होऊ नये म्हणून गाडीची लांबी-रुंदीही २०१९ पासून ठरवून दिलेली आहे. आणखी एक व्यवस्था तेथे आहे, ती आम्हांला विशेष वाटते. ज्या मुलाला आजारामुळे गाडीची गरज आहे, त्याच्या गाडीला एक चिठ्ठी बांधून देतात. ती चिठ्ठी पाहिली की ती बाबागाडी चाकांची खुर्ची म्हणून मानली जाते आणि जेथे खुर्ची नेता येते तेथे नेऊ दिली जाते. मुलाला काय झाले आहे, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. आईला प्रत्येक वळणावर मुलाच्या देखत त्याच्या दुखण्याची कथा सांगावी लागत नाही.

पाहणाऱ्याचे कर्तव्य

हीच गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. आईने खुलासा द्यावा अशी आपली अपेक्षा असते. "त्याला काही झालंय का?" असा प्रश्न आपण सहानुभूतीने विचारतो, पण मूल तेथेच बसलेले असते आणि ऐकत असते.

दिसत नाही ते नाहीच, असे आपण धरून चालतो. आपल्या देशाच्या कायद्यानेही ह्या बाबतीत हळूहळू दृष्टी विस्तारली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यांत स्वमग्नता आहे, स्नायू क्षीण करणारा रोग आहे. हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे विकारही आहेत. यांतील कित्येक मुले रस्त्याने जाताना आपल्या मुलांसारखीच दिसतात. हिमोफिलिया असलेल्या मुलाला गर्दीतला एक धक्का महागात पडतो. स्वमग्न मुलाला गोंगाट असह्य होतो, तेव्हा गाडीचे छत हाच त्याचा आडोसा असतो. स्नायूंचा रोग असलेला मुलगा आज चालतो, पण पुढे त्याचे चालणे थांबणार हे त्याच्या आईबापांना ठाऊक असते. आपण त्यांना सांगतो, "चालू द्या की त्याला!" ते काय उत्तर देणार?

आणखी एक विचित्र गोष्ट पाहा. बाप सात वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन तमाशा दाखवतो, तेव्हा आपण म्हणतो, किती प्रेमळ बाप! तेच मूल चाकांवर बसले की आपल्याला लाज वाटते. आणि असे बोलणारे आपण स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानात स्कूटरवरून जातो. चाकांचे पाप फक्त मुलालाच का लागावे?

पवित्र शास्त्रात मफीबोशेथाची गोष्ट आहे (२ शमुवेल, अध्याय ४ व ९). शौल आणि योनाथान पडल्याची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दाई त्याला उचलून पळाली, घाईत तो पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. पुढे दाविदाने त्याला शोधून काढले आणि नित्य आपल्या पंक्तीला बसवले. त्याचे पाय बरे झाले असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. पाय होते तसेच राहिले. पंक्तीतली जागा मात्र त्याला मिळाली. मेळ्यात, सहलीत, उपासनेत दुबळ्या मुलाला जागा देताना आपण आधी त्याचे पाय तपासतो काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आईबापांचे कर्तव्य

आता दुसरी बाजू. येथे काही वाचक म्हणतील, "मग काय, धडधाकट मुलांनाही गाडीत घालून फिरवायचे? त्यांना कष्टाची सवय कधी लागायची?" हा प्रश्न योग्य आहे आणि तो टाळणे बरे नाही.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दोन गोष्टी जवळजवळ सांगतो. दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आहे. पाचव्या वचनात प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असे आहे. वरवर पाहता ह्या दोहोंत विरोध दिसतो. परंतु ज्याने मूल वाढवले आहे त्याला तो दिसणार नाही. जे मुलाला झेपत नाही ते आपण उचलायचे. जे झेपते ते त्याच्याकडून करवून घ्यायचे. दोहोंतली सीमा कोठे आहे, हे रोज मुलाकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि ती सीमा दर महिन्याला थोडी सरकते.

आपल्या जुन्या घरांत पांगुळगाडा असे. मूल त्याला धरून उभे राही, ढकली, पडे, पुन्हा उठे. बाबागाडीत मूल बसते आणि दुसरा कोणी ढकलतो. दोन्ही गाड्यांना चाके आहेत, पण एकीने मूल चालायला शिकते आणि दुसरीने त्याचे श्रम वाचतात. दोहोंची गरज असते. १९६५ साली ओवेन मॅक्लारेन ह्या इंग्रज अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी तयार केली. विमानाच्या चाकांच्या रचनेचे त्याचे ज्ञान तेथे उपयोगी पडले. तेव्हापासून बाबागाडी कोठेही सहज नेता येऊ लागली. पण जी वस्तू सहज नेता येते, ती गरज नसतानाही वापरली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन दिले आहे. त्यात म्हटले आहे की बाबागाडीत किंवा खुर्चीत मुलाला एका वेळी एक तासाहून अधिक बांधून ठेवू नये, आणि एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून निदान तीन तास हालचाल करावी. पाच वर्षांवरील मुलांना रोज सरासरी तासभर तरी अंगमेहनतीचा खेळ हवा, असे संघटना सांगते. अर्थात आजारी मुलाच्या बाबतीत त्याच्या डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा.

म्हणून आईबापांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. ही गाडी कोणासाठी आहे? मूल थकले म्हणून की आपल्याला आणखी दहा दुकाने पाहायची आहेत म्हणून? मूल रस्त्यात थांबून मुंगी पाहते, फुगेवाल्याशी बोलते, त्याचा आपल्याला कंटाळा येतो. मग त्याला गाडीत कोंबले की आपण भरभर चालायला मोकळे. अशा वेळी मूल सामानासारखे होते. लाड म्हणतात तो असा नव्हे. लाडात निदान मुलाकडे लक्ष तरी असते.

कोणाच्या चालीने चालावे?

ह्या सर्व विचाराच्या मुळाशी एक प्रश्न आहे: एकत्र निघालेल्या माणसांनी कोणाच्या चालीने चालावे? उत्पत्तीच्या तेहतिसाव्या अध्यायात याकोब आणि एसाव पुष्कळ वर्षांनी भेटतात. एसाव म्हणतो, चला, बरोबर निघू. त्याच्याबरोबर चारशे माणसे आहेत. याकोब नम्रपणे नाही म्हणतो. मुले सुकुमार आहेत, कळपात दूध पाजणारी जनावरे आहेत, एक दिवस जरी जोराने हाकली तर ती मरतील. तुम्ही पुढे व्हा, मी मुलांना झेपेल तसा हळूहळू येईन, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. संडे स्कूलमध्ये हा धडा शिकवताना एक गोष्ट बहुधा राहून जाते. ह्याच्या आधीच्या अध्यायात याकोबाची जांघ उखळली आहे आणि तो लंगडत चालत आहे. एसावासारख्या बलवान माणसासमोर मुलांची बाजू घेणारा हा माणूस स्वतः लंगडा होता.

आमच्या मते ह्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ज्याला सर्वांत कमी चालवते, त्याच्या चालीने सर्वांनी चालावे. त्यासाठी कधी मुलाला गाडीत घ्यावे लागेल, कधी मोठ्यांना आपला वेग कमी करावा लागेल, कधी मेळ्याचा अर्धा भाग न पाहताच परतावे लागेल.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची विनंती आहे. सहल ठरवण्यापूर्वी प्रत्येक घरी जाऊन, मुलाच्या पाठीमागे, आईबापांना विचारा की ह्याला किती चालवते. विश्रांतीच्या जागा आधी पाहून ठेवा. बरोबर एक गाडी किंवा चाकांची खुर्ची न्या आणि ती कोणा एकाच्या नावाची ठेवू नका. जो थकेल तो बसेल, आणि बसलेल्याला ढकलण्याची पाळी मोठ्या मुलांमध्ये वाटून द्या. वर्गात कोणी एखाद्याला "गाडीतलं बाळ" म्हणून चिडवले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. आणि मेळ्याच्या गर्दीत अनोळखी बाई मोठ्या मुलाला गाडीतून नेताना दिसली, तर तिला वाट करून द्या. चाक खड्ड्यात अडकले असेल तर पुढची बाजू उचलून धरा. तिने काही सांगितले तर ऐका. सांगितले नाही तर विचारू नका.