अरे ला का रे

तालुक्याच्या एका पोलीस ठाण्यात काही वर्षांपूर्वी पासपोर्टच्या पडताळणीसाठी बसलो होतो. माझ्या पुढे सत्तरीचे एक शेतकरी उभे होते. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा. विहिरीवरची मोटार आणि केबल रात्रीतून चोरीला गेली होती. ठाणे अंमलदार वयाने त्यांच्या मुलासारखा. "साहेब नाहीत, तू उद्या ये," तो म्हणाला. म्हातारबांनी दोनदा विनवले. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढला. "तू कुणाला म्हणतोस रे? उद्या मोटार परत येणार हाय का?" ठाण्यातली कुजबुज थांबली. अंमलदाराने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. सरकारी कामात अडथळा आणल्यास कलम ३५३. "आवाज खाली. आत टाकीन."

आपल्याकडे याला 'अरे ला का रे करणे' म्हणतात. हा वाक्प्रचार नीट ऐकला, तर 'अरे' आधी दुसऱ्याच कोणीतरी म्हटलेले असते. बोल मात्र 'का रे' म्हणणाऱ्याला लागतो. सत्तेपुढचा उद्धटपणा हा गुन्हा मानायचा की नाही, या प्रश्नावर गेली अडीचशे वर्षे कायदा याच दोन शब्दांभोवती फिरतो आहे, असे मला वाटत आले आहे. पहिला 'अरे' कोणाचा, हे विचारायला त्याला फार वेळ लागला.

सुरुवात लंडनमध्ये झाली. जॉन अल्मन या पुस्तकविक्रेत्याने मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यावर टीका करणारे पत्रक विकले आणि १७६५ मध्ये त्याच्यावर बेअदबीची कारवाई झाली. न्यायमूर्ती विल्मट यांनी निकाल लिहून ठेवला. न्यायाधीशाला बोल लावणे म्हणजे राजाच्या न्यायाला बोल लावणे, आणि न्यायासनाभोवतीचे तेज विझले तर लोक आज्ञा पाळणार नाहीत, असा त्याचा आशय. पण कागदपत्रांतल्या एका चुकीमुळे खटलाच बारगळला. निकाल कधी वाचला गेला नाही. विल्मटच्या मुलाने १८०२ मध्ये वडिलांचे कागद छापले तेव्हा तो जगापुढे आला, आणि न उच्चारलेल्या या निकालावर पुढे साम्राज्यभर माणसांना शिक्षा होत राहिल्या.

१८९९ मध्ये सेंट व्हिन्सेंट बेटावरचे एक प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे आले. लॉर्ड मॉरिस म्हणाले की न्यायाधीशाच्या बदनामीबद्दल शिक्षा देण्याची रीत इंग्लंडात आता कालबाह्य झाली आहे. मात्र जिथली वस्ती मुख्यतः वर्णाने काळी आहे अशा छोट्या वसाहतींत ती अजून लागेल. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो होतो. गोऱ्यांच्या देशात न्यायाधीशाने टीका सोसावी आणि आपल्यासारख्यांच्या देशात लोकांनी जीभ सांभाळावी, हे इतक्या उघडपणे लिहिलेले आहे. (दुसऱ्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या एका संपादकाला न्यायाधीशाची टर उडवल्याबद्दल शंभर पौंड दंड झाला, म्हणजे रीत तिथेही मेली नव्हती.)

आपल्या भागात या कल्पनेची खरी कसोटी लागली ती गांधीजींच्या खटल्यात. अहमदाबादचे जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर सही करणाऱ्या वकिलांबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या निबंधकांना पत्र लिहिले. ते गांधीजींच्या हाती आले आणि ६ ऑगस्ट १९१९ च्या 'यंग इंडिया'त टीकेसह छापले गेले. न्यायालयाने ठरावीक मसुद्यात माफी मागायला सांगितले. गांधीजींनी नम्रपणे नकार दिला. चूक केली असे मनाला वाटत नसताना माफी मागणे त्यांना खोटेपणाचे वाटत होते. १२ मार्च १९२० रोजी संपादक गांधी आणि प्रकाशक महादेव देसाई यांना कडक समज देऊन न्यायालयाने प्रकरण संपवले.

यात शिवी नव्हती, चढा आवाजही नव्हता. त्या काळात इतक्या सौम्य भाषेत लिहिणारा दुसरा संपादक शोधून सापडला नसता. तरीही तो अवमान ठरला. त्याआधी बारा वर्षे त्याच न्यायालयाने टिळकांच्या खटल्यावर लिहिल्याबद्दल न. चिं. केळकरांना शिक्षा केली होती. कायदा मान राखायला उभा राहिला की उद्धटपणा बोलणाऱ्याच्या शब्दांत शोधला जात नाही. ऐकणाऱ्याला किती वाकून हवे होते, त्यावर तो ठरतो. ठाण्यातल्या म्हातारबांचा गुन्हाही तोच होता: अंमलदाराने त्यांना 'तू' म्हटले आणि त्यांनी ते परत केले.

या विचाराला मुळापासून धक्का बसला तो अमेरिकेत. १९४१ मध्ये ब्रिजेस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की चालू खटल्यांवर लिहिणाऱ्या वृत्तपत्राला आणि न्यायाधीशाच्या निकालाला नावे ठेवणाऱ्या कामगार पुढाऱ्याला बेअदबीखाली शिक्षा देता येणार नाही. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचे म्हणणे साधे होते: लोकांची तोंडे बंद करून न्यायालयाबद्दल आदर वाढत नाही, राग आणि संशय वाढतो.

पोलिसांच्या बाबतीत मात्र तेच न्यायालय पुढच्याच वर्षी मागे सरले. न्यू हॅम्पशायरमधल्या रोचेस्टर गावात यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या चॅप्लिन्स्की याने गावच्या मार्शलला तोंडावर गुंड आणि फॅसिस्ट म्हटले. शिक्षा एकमताने कायम झाली. काही शब्द मारामारीच पेटवणारे असतात, त्यांना संरक्षण नाही, असे तत्त्व निघाले. पण मारायला उठणार कोण? समोर उभा होता तो शांतता राखायचा पगार घेणारा माणूस. हा प्रश्न १९४२ मध्ये कोणी विचारला नाही.

मधला टप्पा एका जाकिटाचा आहे. २६ एप्रिल १९६८. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाच्या वऱ्हांड्यातून पॉल कोहेन नावाचा तरुण चालला होता आणि त्याच्या जाकिटावर सक्तीच्या लष्करभरतीला घातलेली अर्वाच्य शिवी लिहिलेली होती. न्यायालयाच्या दालनात शिरताना त्याने जाकीट काढले आणि घडी करून हातावर घेतले. पोलिसाने न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवली की याला बेअदबीखाली धरा. न्यायाधीशांनी नकार दिला. पोलिसाने तो बाहेर येईपर्यंत वाट पाहिली आणि शांतताभंगाखाली अटक केली. तीस दिवसांची शिक्षा झाली. ती १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हार्लन हे तर सनातनी वळणाचे गृहस्थ. माणूस केवळ अर्थ सांगण्यासाठी बोलत नाही, त्याला भावनाही सांगायची असते, आणि शब्द गाळले तर कधी विचारही गळतो, हे त्यांना दिसले. मला मात्र त्या जाकिटाची घडी जास्त बोलकी वाटते. न्यायदानाच्या जागेचा मान आणि न्यायव्यवस्थेपुढची लाचारी यांतला फरक त्या पोराला कळत होता. पोलिसाला कळला नाही.

न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले १९७४ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या एका आईच्या खटल्यात. तिच्या मुलाला पोलीस घेऊन चालले होते. ती आणि तिचा नवरा मागोमाग गाडीतून निघाले होते. रस्त्यात पोलिसाशी वाजले आणि तिने शिवी दिली, असा आरोप. पोलिसाला अपशब्द वापरणे हाच गुन्हा ठरवणारा तिथला नियम न्यायालयाने रद्द केला. न्यायमूर्ती पॉवेल यांनी म्हटले की प्रशिक्षित पोलिसाकडून सामान्य माणसापेक्षा जास्त संयमाची अपेक्षा आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली: अटकेला दुसरे कोणतेही कारण हाताशी नसते, तेव्हा पोलीस नेमका असाच नियम वापरतात. ज्याने आपल्याकडचे एखादे ठाणे जवळून पाहिले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग ह्यूस्टनचा खटला, ज्याचा निकाल १९८७ मध्ये लागला. रेमंड हिलच्या एका मित्राशी पोलीस बोलत होते. हिल लांबून ओरडला की तुमच्या तोलामोलाच्या कोणालातरी धरा ना. अधिकाऱ्याने विचारले, माझ्या सरकारी कामात व्यत्यय आणतोस काय? हिल म्हणाला, हो. अटक झाली. पोलिसाला तोंडी व्यत्यय आणण्यास बंदी करणारा त्या शहराचा नियम सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. अटकेच्या भीतीशिवाय पोलिसाला तोंडावर विरोध करता येणे, ही स्वतंत्र राष्ट्राची आणि पोलिसी राज्याची वेगळी ओळख पटवणारी खूण आहे, असे न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले. दोन शतकांत ओझे असे एका खांद्यावरून दुसऱ्यावर आले. आधी बोलणाऱ्याने जीभ आवरायची होती. आता अधिकार असलेल्याने कान कणखर करायचे.

इंग्लंडने २०१३ मध्ये न्यायाधीशाच्या बदनामीचा गुन्हाच कायद्यातून काढून टाकला. आपण त्यांच्याकडून घेतलेली वस्तू ठेवून घेतली. १९७१ च्या अवमान कायद्यात न्यायालयाची बदनामी आजही गुन्हा आहे, आणि २०२० मध्ये दोन ट्वीटबद्दल प्रशांत भूषण यांना त्याखाली एक रुपया दंड झाला. लॉर्ड मॉरिस यांनी वसाहतींपुरती राखून ठेवलेली तरतूद प्रजासत्ताकाने सांभाळावी, याची मला मनापासून लाज वाटते.

पोलिसांबाबत आपला कायदा पाटीपेक्षा शहाणा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५३ ला हमला किंवा फौजदारीपात्र बलाचा वापर लागतो. चढा आवाज पुरत नाही. बंगळुरूच्या एका जोडप्याने अपघातानंतर पोलीस निरीक्षकाच्या वागणुकीबद्दल वाहतूक पोलिसांच्याच फेसबुक पानावर कडक शब्दांत लिहिले, तर त्यांच्यावर हेच कलम लावले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो गुन्हा रद्द केला. पोलीस ठाण्यात चित्रीकरण करणाऱ्यावर शासकीय गुपिते कायदा लागत नाही, असे नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितले. पण महाराष्ट्राने २०१८ मध्ये ३५३ ची शिक्षा दोन वर्षांवरून पाचवर नेली होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १३२ आले, तरी ठाण्यात अजून 'तीनशे त्रेपन्न लावीन' हेच ऐकू येते.

पोलिसांवर हात उचलणारे आहेत, बंदोबस्तात बारा-बारा तास उभ्या असलेल्या महिला शिपायांना घाणेरडे बोलणारे आहेत, हे मला ठाऊक आहे. धक्काबुक्कीला, धमकीला, जातीवरून किंवा बाईपणावरून केलेल्या शिवीगाळीला शिक्षा व्हायलाच हवी. सुनावणी चालूच न देणाऱ्याला न्यायाधीशाने बाहेर काढावे. पण ज्याची मोटार गेली, जमीन गेली, पोरगा उचलून नेला, त्याच्याकडे वकील नसतो. चढलेला आवाज एवढेच त्याचे हत्यार असते. पुढाऱ्याचा आवाज चढला तर साहेब खुर्ची देतात. गरिबाचा चढला तर त्याला अरेरावी म्हणतात. गृह खात्याने त्या पाटीशेजारी दुसरी पाटी लावावी: येथे येणाऱ्या प्रत्येकाला 'तुम्ही' म्हटले जाईल, आणि आवाज चढवणे हा गुन्हा नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या म्हातारबांबरोबर ठाण्यात गेलो. अंमलदार मला "या, बसा" म्हणाला आणि अर्ध्या तासात तक्रार लिहून झाली. म्हातारबा तेवढा वेळ उभेच होते.