काटकसर आणि कलावंताचे स्वातंत्र्य

काटकसर हा गुण कलावंताच्या अंगी शोभत नाही, अशी एक समजूत आपल्या सुशिक्षित समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. काटकसर करावी ती कारकुनाने, शाळामास्तराने, फार तर मुलांच्या शिक्षणाची विवंचना असलेल्या गृहस्थाने. कलावंताने मात्र हाती आलेला पैसा पाण्यासारखा ओतावा आणि उद्याची काळजी दुसऱ्याच्या गळ्यात बांधावी, यातच त्याच्या प्रतिभेची खूण आहे, असे आपण मानीत आलो. जमाखर्चाची वही आणि वीणा एका घरात नांदत नाहीत, असे आम्हीही पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. हे मत आम्हाला सोडावे लागले ते कोणा तत्त्ववेत्त्याचा ग्रंथ वाचून नव्हे, तर अमेरिकेतील काही गलबलाटी बँडांची हकीकत वाचून. वाचकांस ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. त्या संगीताचा कानठळ्या बसविणारा आवाज आमच्याही कानांना प्रथम सोसला नाही. पण ज्या प्रश्नाशी आपण सारे आयुष्यभर झुंजत असतो, तो त्या मंडळींनी प्रत्यक्ष जगून सोडवू पाहिला. कलावंताचे, किंबहुना कोणाही माणसाचे, स्वातंत्र्य पैशाच्या विपुलतेवर उभे असते, की गरजांच्या अल्पतेवर? हाच तो प्रश्न होय.

'इंडी बँड' हा शब्द आता आपल्याकडील तरुणांच्या तोंडी सहज असतो. त्याचा मूळ अर्थ इतकाच की, मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दावणीला न बांधलेला बँड. ही दावण कशी असते, ते स्टीव्ह अल्बिनी या शिकागोच्या ध्वनिमुद्रकाने १९९३ साली 'द बॅफलर' या नियतकालिकातील निबंधात मोठ्या स्पष्टपणे दाखविले. त्याने एका कल्पित बँडचा जमाखर्चच मांडला. कंपनी बँडला २,५०,००० डॉलरची उचल देते. ऐकणाऱ्याला वाटते, पोरांचे दैव उघडले! परंतु स्टुडिओचे भाडे, वकिलाची फी, व्यवस्थापकाचे कमिशन, दौऱ्याचा खर्च हे सारे त्या उचलीतूनच जाते, आणि उचल फिटेपर्यंत विक्रीतील बँडचा हिस्सा कंपनीकडेच वळता होतो. तबकडीच्या २,५०,००० प्रती खपल्या असे धरले, तरी अखेरीस कंपनीच्या पदरात सुमारे ७,१०,००० डॉलर, तर प्रत्येक वादकाच्या हाती अवघे ४,०३१ डॉलर पडतात. कोपऱ्यावरच्या दुकानात नोकरी केली असती, तर याच्या तिप्पट मिळाले असते, असा त्याचा निष्कर्ष होता.

हा हिशेब वाचताना आम्हाला आमचीच एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती सांगताना संकोच वाटत असला तरी सांगणे प्राप्त आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका प्रकाशकाने आम्हाला एका पुस्तकासाठी आगाऊ रक्कम दिली. ती घराच्या डागडुजीत केव्हाच खर्च झाली. पुस्तक लिहून झाल्यावर त्याचे शेवटचे प्रकरण गाळावे, असे त्या गृहस्थांनी सौजन्याने सुचविले. ते प्रकरण आम्हाला सर्वांत प्रिय होते. तरीही आम्ही ते गाळले. कोणी धाक घातला नव्हता, कोणी हात धरला नव्हता. पैसे परत करण्याची ऐपत नव्हती, एवढेच. पुढे मात्र आम्ही स्वतःची समजूत घातली की, प्रकरण तसे दुबळेच होते! उचलीचे खरे व्याज असे बुद्धीतून फेडावे लागते. माणूस आधी मिंधा होतो आणि मग आपल्या मिंधेपणाला रसिकतेचे नाव देतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन पेड्रो या बंदरात १९८० साली 'मिनिटमेन' हा तिघांचा बँड निघाला. डी. बून, माइक वॉट आणि पुढे जॉर्ज हर्ली हे सामान्य कष्टकरी वस्तीतले तरुण. त्यांच्या बोलीत 'इकॉनो' असा एक शब्द होता. त्याला आपल्या भाषेत 'काटकसरीने' याहून चांगला प्रतिशब्द सापडणार नाही. एका व्हॅनमध्ये माणसे आणि वाद्ये कोंबावयाची, सामानाची चढउतार आपणच करावयाची, मुक्काम कोणा चाहत्याच्या घरी जमिनीवर पथारी टाकून करावयाचा, ही त्यांची दौऱ्याची रीत. स्टुडिओतही तोच नेम. गाणी आधीच पक्की बसवून जावयाचे, म्हणजे भाड्याचा एकही तास वाया जात नाही. १९८४ साली निघालेल्या 'डबल निकल्स ऑन द डाइम' या त्यांच्या जोडतबकडीत चाळीसहून अधिक गाणी आहेत. आणि तिला खर्च आला सुमारे १,१०० डॉलर. तबकडी ही त्यांच्या दृष्टीने निव्वळ जाहिरातीचे पत्रक होती. खरा व्यवहार तो समोर बसलेल्या, नव्हे उभ्या राहिलेल्या, श्रोत्यांशी.

या कथेचा शेवट दुःखद आहे. २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनातील रस्त्यावर व्हॅनच्या अपघातात डी. बून मरण पावला. त्या वेळी त्याचे वय २७ वर्षांचे होते, आणि बँड तेथेच संपला. त्याचा मृत्यू काटकसरीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि ज्याचे जगणे रस्त्यावर आहे, त्याची गाठ रस्त्यावरच्या मृत्यूशीही पडू शकते, हे विसरून या जीवनाचे गोडवे गाणे आम्हाला बरे दिसत नाही.

आमच्या प्रश्नाचे अधिक पूर्ण उत्तर मिळते ते वॉशिंग्टनच्या 'फुगाझी' या बँडच्या चरित्रात. त्यातील इयन मकाय याने १९८० साली जेफ नेल्सन या मित्रासह 'डिस्कॉर्ड' नावाची छोटी ध्वनिमुद्रण संस्था काढली होती. तेथे बँडांशी लेखी करार होत नसे. खर्च वजा जाता उरेल तो नफा वाटून घ्यावयाचा, एवढाच शब्द. १९८७ पासून पुढील पंधरा वर्षांत फुगाझीने अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि अनेक देशांत मिळून एक हजारावर कार्यक्रम केले. तिकीट बहुधा पाच डॉलरच्या आसपास. कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश. बँडचे नाव छापलेले सदरे विकावयाचे नाहीत. दौऱ्याचे वेळापत्रक, पत्रव्यवहार, हिशेब ही सारी कामे मकाय स्वतः पाही. कार्यक्रमात कोणी धटिंगण इतरांना लाथाबुक्क्यांनी तुडवू लागला, तर गाणे थांबवून त्याला समजावीत; न ऐकल्यास पाच डॉलर घातलेले पाकीट त्याच्या हाती ठेवून त्याला बाहेर काढीत.

या पाकिटावर आम्ही पुष्कळ विचार केला. श्रोत्याला पैसे परत करून 'आपला आमचा संबंध संपला' असे म्हणता येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. ते कोणाला म्हणता येईल? ज्याचा संसार त्या एका तिकिटावर अडलेला नाही, त्यालाच. तिकीट स्वस्त ठेवणे ही वरवर पाहता श्रोत्यांवरील कृपा. पण तिच्यामुळे बँडलाही मोकळीक मिळाली. खर्च अल्प, म्हणून दर अल्प; दर अल्प, म्हणून श्रोत्यांचा उपकार अल्प; आणि उपकार अल्प, म्हणून जीभ मोकळी!

स्टुडिओतील एक प्रसंग याहूनही बोलका आहे. १९९२ साली ही मंडळी शिकागोला जाऊन वर उल्लेखिलेल्या अल्बिनीकडे गाणी ध्वनिमुद्रित करून आली. परत आल्यावर त्यांनी ती ऐकली, ती मनास उतरली नाहीत, आणि सारे काम बाजूला ठेवून त्यांनी आपल्या नेहमीच्या 'इनर इअर' स्टुडिओत, डॉन झिएंतारा यांच्याकडे, पुनश्च आरंभ केला. तीच तबकडी १९९३ साली 'इन ऑन द किल टेकर' या नावाने निघाली. कंपनीच्या उचलीवर जगणाऱ्या बँडला हे सुचले असते, तरी परवडले असते काय? येथे काटकसरीचे आम्हाला न दिसलेले एक अंग दिसले. कंजूष मनुष्य पैसा साठवितो तो न खर्चण्यासाठी. काटकसरी मनुष्य साठवितो तो योग्य वेळी निर्भयपणे वाया घालविता यावा म्हणून. आपल्या शेवटच्या प्रकरणाच्या वेळी आमच्यापाशी ही शिल्लक नव्हती.

अल्बिनीविषयीही एक शब्द लिहिणे अवश्य आहे. १९९३ साली 'निर्व्हाना' या जगप्रसिद्ध बँडची तबकडी ध्वनिमुद्रित करताना त्याने विक्रीवरील हिस्सा नाकारला. नळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराप्रमाणे आपल्याला कामाचा ठराविक मोबदला द्यावा, अधिक नको, असे त्याचे म्हणणे होते. २०२४ च्या मे महिन्यात तो निवर्तला, तोपर्यंत त्याने हा नेम पाळला. त्या तबकडीच्या विक्रीवर लक्षावधी डॉलर सोडून देणाऱ्याला कोणी वेडा म्हणेल. पण ज्याने आपली मजुरी आपण ठरविली, त्याला दुसऱ्याच्या यशाची वाट पाहत बसावे लागत नाही.

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. गरजा कमी करणे तरुणाला, निरोगी माणसाला, एकट्याला सोपे. ज्याच्या घरी आजारी आई आहे, पाळण्यात मूल आहे, त्याने कोणाच्या जमिनीवर पथारी टाकावी? अशाला स्वातंत्र्याचा उपदेश करणे हा भरल्या पोटाचा अहंकार ठरेल. हे आम्ही मान्य करतो. फुगाझीलाही हा प्रश्न चुकला नाही. घरसंसाराच्या जबाबदाऱ्या वाढल्या, तेव्हा ४ नोव्हेंबर २००२ च्या लंडनमधील कार्यक्रमानंतर त्यांनी अनिश्चित काळासाठी विराम घेतला. पण हेही ध्यानात घ्यावे की, फेडावयाची उचल नव्हती, म्हणूनच त्यांना थांबता आले. ऋणकोला थकण्याचीही मुभा नसते.

दुसरी अडचण काळाची. पूर्वी स्टुडिओ महाग होता आणि रस्ता त्या मानाने स्वस्त. आज निजावयाच्या खोलीत बसून संगणकावर उत्तम ध्वनिमुद्रण करता येते, परंतु तबकडीची विक्री आटली असून इंटरनेटवरील एका श्रवणामागे सेंटच्या अंशाइतकीच रक्कम पदरात पडते. २०२० साली महामारीने रस्ताही बंद पाडला होता. आजच्या लहान बँडला पुष्कळदा गाडीच्या पेट्रोलपुरते पैसे मिळतात ते मेजावर मांडलेल्या सदऱ्यांच्या विक्रीतूनच. तेव्हा सदरे न विकण्याचा फुगाझीचा नेम आज कोणी जसाच्या तसा उचलावा, असे आम्ही म्हणणार नाही. नेम हे काळाचे असतात. त्यामागील प्रश्न मात्र जुना होत नाही. आपले कोणते काम दुसऱ्याच्या परवानगीवाचून करता आले पाहिजे, हे प्रथम ठरवावे, आणि मग त्या कामाच्या आड येणारा खर्च कोणता, ते पाहावे.

आपल्या मध्यम वर्गाला काटकसर शिकवावी लागत नाही. ती आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. परंतु आपण ती केली ती बहुधा भीतीपोटी. नोकरी जाईल म्हणून, आजारपण येईल म्हणून, लोक हसतील म्हणून. पैसा साठला, पण त्याच्या बळावर एखादा नकार आपण कधी उच्चारला काय? आमच्यापुरते उत्तर आम्ही वर देऊन चुकलो आहो. घरातील एखादा मुलगा गिटार खांद्यावर टाकून 'मी बँडबरोबर दौऱ्यावर निघतो' असे म्हणू लागला, तर त्याला 'खाणार काय?' हे विचारण्याचा आपला अधिकार कोणी हिरावून घेणार नाही. मात्र तो प्रश्न विचारून झाल्यावर, 'कोणाचे मिंधे न होता किती थोडक्यात भागवू शकशील?' हेही त्याला विचारावे. आणि त्याचे उत्तर ऐकताना आपलीही जमाखर्चाची वही एकवार उघडून पाहावी.