मी पोहतो

पुण्याहून कोल्हापूरला बदली झाली तेव्हा आमची लेक सहा वर्षांची होती. दोन महिन्यांत तिची क्रियापदं बदलली. शाळेतून आली की जिन्यातूनच हाक यायची, "बाबा, मी आलो!" आणि दप्तर टाकता टाकता, "मी खाली खेळायला जातो." फोनवर हे ऐकून पुण्यात माझी आई अस्वस्थ व्हायची. "अगं, जातो काय? जाते म्हण. मुलगी ना तू?" मीही काही दिवस तिला दुरुस्त करत राहिलो. मग एका सकाळी शेजारच्या सत्तरीच्या आजी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "मी मंडईला जाऊन येतो. पोरीला काय आणू?" त्या दिवसापासून मी दुरुस्ती सोडून दिली.

कोल्हापुरात आणि आसपासच्या भागात बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. बाहेरची माणसं त्याला रांगडेपणा म्हणतात, कुणी कौतुकाने, कुणी नाक मुरडून. मला मात्र त्यात वेगळंच काही दिसू लागलं. त्या आजींबद्दल दुसरं कुणी बोललं तर 'आजी आल्या, आजी गेल्या' असंच म्हणतं. बाई बाईच असते. फक्त 'मी' म्हणताना तिला आपलं बाईपण दर वेळी क्रियापदाला बांधून दाखवावं लागत नाही. आणि प्रमाण मराठीत तरी काय आहे? चार बायका मिळून निघाल्या तर 'आम्ही जातो' म्हणतात, त्यांतलीच एकटी निघाली की 'मी जाते' म्हणते. उद्याचं बोलायचं तर 'मी जाईन', त्यात स्त्री-पुरुष असा भेदच नाही. 'मी भाकरी खाल्ली' म्हणताना क्रियापद भाकरीकडे पाहतं, खाणाऱ्याकडे नाही. भाषेने एवढ्या वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. माणसं भाषेहून कडक.

त्या वर्षी मे महिन्यात बायकोच्या मामांकडे गेलो होतो, करवीर तालुक्यात. उसाच्या रानात दगडी बांधणीची जुनी विहीर आहे. दुपारी गावातली पोरं पाठीला रिकामे डबे बांधून पोहायला शिकत होती, काठावर मामा दोर धरून उभे. मुली पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय हलवत होत्या. त्यांना कुणी मनाई केली नव्हती. कुणी विचारलंही नव्हतं.

लेक थोडा वेळ पाहत राहिली, मग उठून मामांसमोर गेली. "मामाआजोबा, मला पण बांधा." मामांनी माझ्याकडे पाहिलं. मागून मामी म्हणाल्या, "पोरीला कशाला? केस भिजून सर्दी हुईल." लेकीने त्यांना उत्तर दिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. दोर बांधता यावा म्हणून तिने दोन्ही हात वर केले आणि तशीच उभी राहिली. ते वर केलेले हात मला अजून दिसतात. त्यात हट्ट नव्हता, विनवणीही नव्हती. आपल्याला नकार मिळेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

मामांनी डबा बांधला. पहिल्या उडीत ती नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आली. पुन्हा उतरली. ऊन कलेपर्यंत हातपाय मारत या काठावरून त्या काठाला जाऊ लागली. माझा ऊर भरून आला आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही मुलगी नाहीच. मुलगा आहे माझा, वाघ!"

दोराला लोंबकळत, नाकातलं पाणी पुसत ती म्हणाली, "बाबा, मी मुलगी आहे. मी पोहतो."

तिथे कुणालाच त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र रात्रभर त्याचा विचार करत होतो. आपल्याकडे मुलीला 'मुलगा' म्हणण्यापेक्षा मोठी पदवी नाही. ट्रॅक्टर चालवला, मुलासारखी. बापाला अग्नी दिला, मुलासारखी. घर सांभाळलं, भावंडांना शिकवलं, 'मुलगा असता तरी एवढं केलं नसतं'. कष्ट तिचे आणि जमा मात्र मुलांच्या खात्यात. पण मला सगळ्यांत जास्त टोचलं ते वेगळंच. माझं वाक्य पायऱ्यांवर बसलेल्या मुलींनीही ऐकलं होतं. पोहायचं तर मुलगा व्हावं लागतं, असं मी त्यांना सांगितलं होतं. लेकीचं कौतुक करताना मी बाकीच्यांना पायऱ्यांवरच बसवून ठेवलं.

सहा-सात वर्षांचं हे वय फार नाजूक असतं. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांचा अमेरिकेतल्या मुलांवरचा अभ्यास २०१७ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांचे मुलगे 'खूप खूप हुशार' माणूस म्हणून जितक्या सहजपणे पुरुषाकडे बोट दाखवत होते, तितक्याच सहजपणे त्याच वयाच्या मुली बाईकडे दाखवत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण घसरलं. शाळेत मुलींना चांगले गुण मिळतात हे त्यांना ठाऊक होतं, तरीही. 'हा खेळ खूप हुशार मुला-मुलींसाठी आहे' असं सांगितलं की त्यांचा रस कमी व्हायचा. 'मेहनती मुला-मुलींसाठी आहे' म्हटलं की असा फरक पडत नव्हता. पाच आणि सहा यांमधल्या त्या एका वर्षात त्यांच्या कानांवर काय काय पडलं असेल? एकेक वाक्य साधंच असणार, बरीचशी प्रेमाने म्हटलेली.

आमच्या कोल्हापुरात लाठी आणि दांडपट्टा फिरवण्याच्या कलेला 'मर्दानी खेळ' म्हणतात. आज त्या आखाड्यांत मुलीही पट्टा फिरवतात, आणि असा फिरवतात की बघणारा चार पावलं मागे सरतो. नाव तेच राहिलं आहे. याच गावच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेत्या झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. महाराष्ट्र केसरीची कुस्ती १९६१ पासून होते. महिला महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडलं. सांगलीत प्रतीक्षा बागडी यांनी ती पहिली गदा उचलली. मधल्या बासष्ट वर्षांत या भागात ताकदीच्या मुली जन्मल्या नव्हत्या, यावर माझा विश्वास नाही. त्या पायऱ्यांवर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी लेकीला एवढंच म्हणालो, "काल छान पोहलीस. आज पाय जास्त मार." तिने मान हलवली आणि हात वर केले. मग मी पायऱ्यांकडे वळून विचारलं, "अजून कुणाला बांधायचाय डबा?" आधी सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मामांच्या धाकट्या नातीने फ्रॉक खोचला.

पुढच्या मे महिन्यात मामांना पाच डबे जास्त लागले.