पहिल्या माशांनी काय पाप केले?

घरात मासे पाळावेत की नाही, हा हौसेचा प्रश्न. नव्या टाकीत पहिला मासा कोणता सोडायचा, हा मात्र नीतीचा!

नवी टाकी दिसते अगदी स्वच्छ, आणि तोच तिचा दोष. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो आणि तोच त्याला विष होतो. जुन्या टाकीत याचा निकाल बँकेसारखा लागतो. पहिल्या काउंटरवरचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच. दुसऱ्या काउंटरवरचे त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य. अधूनमधून थोडे पाणी बदलले की भागते. बँकेत आणि इथे फरक एवढाच, की इथे जेवणाची सुट्टी नाही. नव्या टाकीत काउंटर असतात, स्टाफ नसतो. भरतीला चार ते सहा आठवडे लागतात.

यावर दुकानदारी तोडगा असा : “साहेब, आधी चार स्वस्तातले सोडा. जगले तर जगले. मग भारी मासे न्या!”

आम्ही पडलो कॉमर्सवाले. हिशेब पटतो. खर्च कमी, फायदा जास्त. पण माशाच्या खतावणीत त्याचा जीव चिल्लर म्हणून थोडाच मांडलेला असतो? शिळासप्तमीच्या कहाणीत तळ्याला पाणी लागावे म्हणून राजाकडे त्याचा नातू मागितला जातो. निदान घरचा तरी! आपल्याला पाणी नळाचे मिळते आणि बळी दुकानात, तोही डझनावर.

तुम्ही म्हणाल, ‘मग करायचे काय?’ रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकावे. ते कुजते, त्याचा अमोनिया होतो आणि जिवाणूंचे पोट भरते. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की मासे आणावेत. घाई असेल तर एखाद्या निरोगी जुन्या टाकीतल्या फिल्टरचा स्पंज मागून आणावा. हे विरजणच समजा. फक्त तो नळाखाली धुऊ नये. क्लोरीनने सारा स्टाफच बडतर्फ व्हायचा.

विरजणासाठी वाटी घेऊन शेजारी जाताना आपण कधी लाजलो नाही. मग स्पंज मागायला लाज कसली? बाकी महिनाभर पाहुणे विचारतीलच, “अहो, मासे कुठायत?” खुशाल सांगावे, “त्यांच्या आधीची मंडळी अजून यायची आहेत.”